६ टीबीचा ओरॅकल सोलारिसवरून लिनक्सवर: ४१ तासांचं काम ३२ तासांत बसवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: पणजीतल्या एका सहकारी वित्तसंस्थेचा ओरॅकल १९सी डेटाबेस, एंटरप्राइज एडिशन, स्पार्क प्रोसेसरच्या सोलारिस सर्व्हरवर आहे. आकार ६ टीबी, त्यातले सुमारे ४ टीबी म्हणजे ग्राहकांच्या कागदपत्रांची स्कॅन केलेली चित्रं. नवा लिनक्स सर्व्हर वेर्ण्याला आहे आणि मध्ये १ जीबीपीएसची लाइन. शनिवारी रात्री १० ते सोमवारी सकाळी ६, असे ३२ तास काम बंद ठेवता येतं. डेटा पंपने (ओरॅकलचं एक्सपोर्ट-आयातीचं साधन) चाचणी केली तर ४१ तास लागले. शिवाय नवा डेटाबेस युनिकोड ठेवल्यावर जुन्या प्रोग्रामातून पाहिलं तर ‘पणजी’, ‘मडगाव’ नीट दिसतात, ‘म्हापसा’ आणि ‘मुरगाव’ मोडतात. डेटाफायलीच उचलून का नेऊ नयेत, असंही विचारलंय.

फायली नुसत्या कॉपी करून उघडणार नाहीत. पण ४१ तास लागण्याचं कारण वेगळं आहे, म्हापशाचं दुखणं त्याहून वेगळं आहे, आणि स्थलांतर व युनिकोड ही दोन कामं एकाच रात्री करायला घेऊ नका.

फायली का उघडत नाहीत

आपण ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि वीस मागून, पण लिहिताना दोन आधी लिहितो. आकडा तोच. ऐकेल त्या क्रमाने कोणी लिहीत गेला तर मात्र कागदावर ३२ उमटतील. स्पार्क प्रोसेसर मोठा बाइट आधी ठेवतो, इंटेल लहान बाइट आधी. चार बाइटांत १ हा आकडा स्पार्कवर ०, ०, ०, १ असा असतो. तेच बाइट इंटेलने वाचले की १,६७,७७,२१६ होतात. ओरॅकलच्या ब्लॉकचं शीर्ष, पत्ते, ओळींची सूची हे सगळं या क्रमात लिहिलेलं असतं. तुमचे आकडे, तारखा आणि अक्षरं मात्र ओरॅकल स्वतःच्या ठरावीक साच्यात ठेवतो, ती दोन्हीकडे सारखीच. म्हणून आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाचं कन्व्हर्ट मुख्यतः ब्लॉकची चौकट उलटवतं, आतला मजकूर तसाच राहतो.

जुना सर्व्हर विंडोज किंवा इंटेलवरचा सोलारिस असता तर आरमॅनच्या कन्व्हर्ट डेटाबेसने काम भागलं असतं. विंडोज आणि लिनक्स यांच्यात तर डेटा गार्डची स्टँडबायही (सतत ताजी राहणारी दुसरी प्रत) चालते. स्पार्क, एआयएक्स आणि इटॅनियमवरचा एचपी-यूएक्स हे तिन्ही मोठा बाइट आधी ठेवणारे, त्यामुळे तिथून लिनक्सवर येताना हे दोन्ही रस्ते बंद. व्ही-डॉलर-ट्रान्स्पोर्टेबल-प्लॅटफॉर्म या व्ह्यूत प्रत्येक प्लॅटफॉर्मसमोर एंडियन, म्हणजे हा बाइटांचा क्रम, लिहिलेलं असतं, सुरुवात तिथून करा.

आरमॅन मजकुराला हात लावत नाही, याची दुसरी बाजूही पाहा. एखाद्या जुन्या सी प्रोग्रामने रॉ किंवा ब्लॉब, म्हणजे नुसते बाइट साठवणाऱ्या, कॉलममध्ये आपलं स्ट्रक्चर जसंच्या तसं टाकलं असेल (बोटांच्या ठशांचे टेम्प्लेट, कार्ड मशीनची पाकिटं), तर ते बाइट उलटवणारं कोणी नाही. चाचणीत एकही एरर येणार नाही, आणि सोमवारी ठसा जुळणार नाही. जेपेग, पीडीएफ यांना धोका नाही, त्यांचा क्रम त्यांच्या साच्यातच ठरलेला असतो. रॉ कॉलमांची यादी काढा आणि प्रत्येकात कोण लिहितं ते विचारा.

४१ तास कुठे गेले

डेटा पंपचा जॉब पुन्हा चालवायचा असेल तर मेट्रिक्स हो आणि लॉगटाइम ऑल देऊन चालवा. बहुधा असं दिसेल: पॅरलल ८ दिलेलं, पहिल्या काही तासांत सात वर्करांचं काम संपलं आणि आठवा एकटाच कागदपत्रांचं टेबल ओढत बसला. ते टेबल बेसिकफाइल लॉबचं (मोठा मजकूर, चित्रं ठेवायच्या जुन्या पद्धतीचं) असेल, तर पॅरलल कितीही द्या, त्यावर एकच वर्कर चालतो. १९सीपर्यंत अपग्रेड होत आलेल्या जुन्या डेटाबेसांत हे हमखास सापडतं.

डेटा पंपनेच करायचं ठरवलं तर त्या टेबलाचे तुकडे पाडता येतात. ओळीच्या रोआयडीतून, म्हणजे पत्त्यातून, ब्लॉक क्रमांक काढायचा, त्याला १० ने भागायचं, आणि बाकी ० ते ९ अशा क्वेरी अटीने दहा स्वतंत्र एक्सपोर्ट एकाच वेळी सोडायचे. आयात करताना सिक्युअरफाइल या नव्या पद्धतीत रूपांतर करा, म्हणजे पुढच्या वेळी हीच रड नको. अनडूची (बदलांआधीच्या जुन्या प्रतींची) मुदत आधी वाढवून ठेवा, नाहीतर लांबलेला एक्सपोर्ट ओआरए-०१५५५ देऊन अर्ध्यावर मरतो. तरीही ६ टीबी वाचणं, लाइनीवरून नेणं, लिहिणं आणि इंडेक्स नव्याने बांधणं हे सगळं त्या ३२ तासांतच उरकायला लागेल. लाइनच बघा: १ जीबीपीएसवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी मिळतात, म्हणजे ६ टीबीला १६ तास. हीच लाइन १०० एमबीपीएसची असती तर सहा दिवसांच्या वर. ३२ पैकी १६ तास नुसत्या वाहतुकीत घालवायचे, आणि मध्ये लाइन पडली तर? मी हा मार्ग घेणार नाही.

संस्था चालू असतानाच ९९ टक्के काम

तुमच्यासाठी मार्ग आहे क्रॉस-प्लॅटफॉर्म ट्रान्स्पोर्टेबल टेबलस्पेस (टेबलस्पेस म्हणजे डेटाफायलींचा गट) आणि त्यावर इन्क्रिमेंटल बॅकअप. ओरॅकलची यासाठी तयार पर्ल स्क्रिप्ट आहे, तिची चौथी आवृत्ती वापरा. कल्पना सोपी आहे: सगळ्या टेबलस्पेसचा लेव्हल ०, म्हणजे संपूर्ण, बॅकअप चालू दिवसांतच घ्यायचा, वेर्ण्याला नेऊन उलटवून ठेवायचा, मग रोज फक्त बदललेले ब्लॉक नेऊन त्यावर लावायचे. बंदच्या रात्री उरतो तो शेवटच्या दिवसाचा बदल आणि मेटाडेटा (टेबलं, इंडेक्स यांच्या व्याख्या). तुमचा रोजचा बदल ३० जीबी धरला तर तो त्याच लाइनीवरून पाचेक मिनिटांत जातो.

आधी तपासण्या. एकीलाही फाटा देऊ नका, कारण यातली प्रत्येक गोष्ट शेवटच्या रात्रीच तोंड वर काढते. डीबीएमएस-टीटीएसमधला ट्रान्स्पोर्ट-सेट-चेक सगळ्या टेबलस्पेसची नावं देऊन चालवा आणि व्हायोलेशन्सचा व्ह्यू रिकामा येईपर्यंत दुरुस्त्या करा. इंडेक्स एकीकडे आणि त्याचं टेबल चुकून सिस्टिम टेबलस्पेसमध्ये, असं जुन्या डेटाबेसात सापडतंच. सिस्टिम आणि सिसऑक्स या ओरॅकलच्या स्वतःच्या टेबलस्पेस नेल्या जात नाहीत. एन्क्रिप्ट केलेली टेबलस्पेस एंडियन बदलून नेता येत नाही, आधी उघडी करायला लागते. टाइमझोन फाइलचा क्रमांक दोन्हीकडे सारखा ठेवा, नाहीतर टाइमझोनसह टाइमस्टॅम्प असलेली टेबलं मागे राहू शकतात. ८ केबी सोडून १६ केबी ब्लॉकची टेबलस्पेस असेल तर नव्या बाजूला १६ केबीचा वेगळा कॅश द्या, त्याशिवाय ती जोडलीच जात नाही.

सोर्सवर ब्लॉक चेंज ट्रॅकिंग चालू करा. ते नसेल तर ३० जीबीच्या बदलासाठीही आरमॅन रोज पुरे ६ टीबी वाचून काढतो. चालू केलं म्हणून निर्धास्त राहू नका. व्ही-डॉलर-बॅकअप-डेटाफाइलमध्ये युज्ड-चेंज-ट्रॅकिंगसमोर यस आहे का, आणि वाचलेले ब्लॉक फायलीच्या एकूण ब्लॉकांपेक्षा बरेच कमी आहेत का, हे रोज बघा. ट्रॅकिंगच्या फायलीत एका वेळी आठच नकाशे मावतात आणि तुमचा नेहमीचा रात्रीचा इन्क्रिमेंटल बॅकअपही त्यातलाच एक खातो. दोन इन्क्रिमेंटलमध्ये आठवडाभराची खिंड पडू देऊ नका.

लेव्हल ० साठी लाइनीपेक्षा एक नॅस (नेटवर्कवरून जोडायची डिस्कपेटी) घ्या. पणजीच्या खोलीत ती एनएफएसने सोलारिसला जोडा, बॅकअप तिच्यावर काढा, गाडीत घाला, झुआरी पूल ओलांडून वेर्ण्याला नेऊन लिनक्सला जोडा. सोलारिसने फॉरमॅट केलेली सुटी डिस्क लिनक्सला वाचायला लावण्याचा खटाटोप नको. नॅस एन्क्रिप्ट केलेलीच हवी, आत लोकांची आधार कार्डं आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येक फायलीचं चेकसम काढा. सोलारिसवर डायजेस्ट कमांडला शा-२५६ सांगायचं, लिनक्सवर शा-२५६-सम. दोन्हीचं उत्तर अक्षरशः जुळायला हवं. बाइट उलटवण्याचं काम वेर्ण्याच्या बाजूला होऊ द्या, जुन्या स्पार्कवर दिवसा माणसं काम करतायत.

स्क्रिप्ट चालवताना चुका ठरलेल्या. प्रत्येक बॅकअपनंतर रेस डॉट टीएक्सटी ही फाइल नव्या बाजूला न्यायची असते. ती राहिली तर रिस्टोअर कालचेच तुकडे शोधत बसतो. टेम्प डिरेक्टरीचा व्हेरिएबल तोच ठेवा आणि ती डिरेक्टरी कोणी साफ करणार नाही असं बघा, आतली नोंद गेली की पुन्हा लेव्हल ० पासून. आणि लेव्हल ० पासून बंदच्या रात्रीपर्यंत कोणीही नवी डेटाफाइल जोडायची नाही. जागा लागणार असेल तर आधीच वाढवून ठेवा.

तारीख ठरवताना पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे गोव्यात कोणाला सांगायला नको, आणि यूपीएस बॅटरीवर असताना लेव्हल ० चालवणं म्हणजे उगाच देव पाण्यात घालून बसणं. दुसरा किंवा चौथा शनिवार तुम्हाला सुटीचा असेल तर बंदची वेळ शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होते. तो वेळ हाताशी राखून ठेवा, वेळापत्रकात मोजू नका.

बंदची रात्र

आधी दोन्हीकडचे जॉब थांबवा. नव्या बाजूला जॉब-क्यू-प्रोसेसेस शून्य करायला विसरलात तर आयात होताक्षणी रात्रीचे जॉब तिथेही सुरू होतात आणि ग्राहकांना व्याजाचे एसएमएस दोनदा जातात. मग टेबलस्पेस रीड ओन्ली. ही कमांड कधी कधी अडकून बसते. एखादं सेशन कमिट न करता उघडं असतं आणि ओरॅकल त्याची वाट बघतो. व्ही-डॉलर-ट्रान्झॅक्शनमध्ये ते शोधून बंद करा. त्यानंतर शेवटचा इन्क्रिमेंटल, मग रिस्टोअर.

यापुढचा टप्पा मेटाडेटा, आणि सगळ्यांचा अंदाज इथेच चुकतो. ही वेळ टीबींवर ठरत नाही, ऑब्जेक्टच्या संख्येवर ठरते. १९सीत ट्रान्स्पोर्टेबलचा मेटाडेटा एकाच धाग्यावर चालतो, पॅरलल देऊन फरक पडत नाही. ५०० टेबलांचा १० टीबी डेटाबेस झटपट होईल आणि लाखभर पार्टिशनांचा १ टीबी रात्रभर चालेल. रिकामी पार्टिशनं, जुनी बॅकअप टेबलं आधी काढून टाका. कोणीतरी ‘_जुने२’ अशा नावाने ठेवलेली असतातच. डिक्शनरीचे स्टॅटिस्टिक्स दोन्ही बाजूंना ताजे करा. टेबलांचे आणि इंडेक्सचे स्टॅटिस्टिक्स एक्सपोर्टमधून वगळा, ते डीबीएमएस-स्टॅट्सने वेगळे नेता येतात.

हा वेळ आधी मोजायची सोय १९सीतच आहे. एक्सपोर्टला टीटीएस-क्लोजर-चेक टेस्ट-मोड दिला की टेबलस्पेस रीड ओन्ली न करता मेटाडेटाचा एक्सपोर्ट चालतो. तो डंप आयात करता येत नाही, वेळ तेवढा कळतो. आयातीची वेळ कळायला मात्र पूर्ण रंगीत तालीमच हवी, तीही दोनदा. पहिल्या तालमीत चुका सापडतात, खरे आकडे दुसऱ्या तालमीत मिळतात.

फुल ट्रान्स्पोर्टेबल वापरलंत तर युजर, प्रोसीजर, सीक्वेन्स सगळं एकत्र येतं. साधा ट्रान्स्पोर्टेबल वापरून युजर आणि सीक्वेन्स दहा दिवस आधी तयार करून ठेवले असतील, तर सीक्वेन्स दहा दिवस मागेच असतात. सोमवारी पहिलीच पावती ओआरए-००००१ देते, क्रमांक आधीच वापरलेला. बंदच्या रात्री सीक्वेन्स पुन्हा बनवा. डिरेक्टरी ऑब्जेक्टमधले मार्ग, एक्स्टर्नल टेबलांच्या फायली, डेटाबेस लिंकचे पासवर्ड यांची वेगळी यादी हातात ठेवा.

फुल ट्रान्स्पोर्टेबल आयात संपताना टेबलस्पेस आपोआप रीड-राइट होतात, म्हणून तपासणी संपेपर्यंत लिसनर (बाहेरच्या जोडण्या घेणारा प्रोग्राम) बंदच ठेवा. आरमॅनचं व्हॅलिडेट चेक-लॉजिकलसह चालवा, टेबलांच्या ओळी मोजा, महत्त्वाच्या टेबलांवर ओआरए-हॅशची बेरीज दोन्हीकडे काढून जुळवा, इनव्हॅलिड ऑब्जेक्टची यादी आधीच्या यादीशी ताडून बघा. परतीची वेळ आधीच कागदावर लिहून ठेवा, समजा रविवारी संध्याकाळी ६. तोपर्यंत जमलं नाही तर पणजीच्या जुन्या सर्व्हरवर टेबलस्पेस पुन्हा रीड-राइट करायच्या, इतकंच, दहा मिनिटांचं काम. लिनक्सवर पहिली खरी नोंद पडली की मात्र ही सोपी परतवाट संपली. जुना सर्व्हर पुढे महिनाभर रीड ओन्लीच राहू द्या.

लिनक्सच्या बाजूचं थोडक्यात. सोलारिस मोठी मेमरी पेजेस आपणहून देतो, लिनक्सला ती सांगायला लागतात. एसजीए, म्हणजे ओरॅकलची सामायिक मेमरी, ६४ जीबी असेल तर २ एमबीची ३२,७६८ ह्यूजपेजेस आणि वर थोडी जास्त. ट्रान्स्परंट ह्यूजपेजेस बंद करा. मेमरी-टार्गेट शून्य ठेवा, त्याचं आणि ह्यूजपेजेसचं जमत नाही. ओराटॅब (सर्व्हरवरच्या डेटाबेसांच्या यादीची फाइल) सोलारिसवर व्हार-ऑप्ट-ओरॅकलखाली असते, लिनक्सवर ईटीसीत. ज्या स्क्रिप्टमध्ये तो मार्ग ठोकून लिहिलाय त्या सगळ्या पडतात, आणि अशा स्क्रिप्ट बहुतेक बॅकअपच्याच असतात.

आता म्हापसा

तुमच्या डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट (कुठलं अक्षर कुठल्या बाइटने साठवायचं तो तक्ता) डब्ल्यूई८एमएसविन१२५२ आहे. त्यात देवनागरी बसतच नाही, तरी इतकी वर्षं दिसत होती. क्लायंटचा एनएलएस-लँगही (क्लायंट आपला कॅरॅक्टर सेट सांगतो ती सेटिंग) तोच असला की ओरॅकल काही न तपासता बाइट आत घेतो आणि तसेच बाहेर देतो. तुमचा छपाईचा प्रोग्राम यूटीएफ-८चे बाइट आत टाकत होता, ओरॅकल त्यांना युरोपीय अक्षरं समजत होता, आणि कोणाचंच काही अडत नव्हतं. चाचणीत नवा डेटाबेस एएल३२यूटीएफ८, म्हणजे ओरॅकलचा युनिकोड, ठेवलात तेव्हा डेटा पंपने या ‘युरोपीय अक्षरांचं’ इमानदारीने रूपांतर केलं.

१२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. त्यांना अर्थच नाही, म्हणून रूपांतरात त्यांच्या जागी बदली चिन्ह बसतं आणि मूळ बाइट कायमचा जातो. यूटीएफ-८मध्ये पाय मोडण्याचं चिन्ह २२४, १६५, १४१ असं असतं. उकार २२४, १६५, १२९. झ संपतो १५७ वर, ए १४३ वर. म्हणजे जोडाक्षर, ऱ्हस्व उकार, झ किंवा ए असलेला प्रत्येक शब्द जायबंदी. म्हापसा, वास्को, मुरगाव, कुडचडे गेले. पणजी, मडगाव, फोंडा, केपे यांच्यात या पाचांपैकी एकही बाइट नाही, म्हणून जुन्या प्रोग्रामातून परत येताना ते सुखरूप दिसतात. पण आत तेही फुगलेत: १२ बाइटची पणजी नव्या डेटाबेसात २५ बाइटची झालीय. चाचणीच्या लॉगमध्ये ओआरए-१२८९९ शोधा, अरुंद कॉलमांतल्या ज्या ओळी नाकारल्या गेल्या त्या तिथे असतील.

तेव्हा त्या चाचणीच्या डेटाबेसातून काही दुरुस्त करत बसू नका, तो टाकून द्या. ट्रान्स्पोर्टेबलमध्ये दोन्ही बाजूंचा कॅरॅक्टर सेट तोच लागतो, त्यामुळे स्थलांतराच्या रात्री हा प्रश्न उद्भवतच नाही. नवा डेटाबेस १२५२ मध्येच तयार करा. नवा सीडीबी (कंटेनर डेटाबेस) युनिकोडच हवा असेल तर १२५२ चा एक रिकामा पीडीबी (त्याच्या आत बसणारा डेटाबेस) दुसऱ्या तात्पुरत्या सीडीबीत बनवून, अनप्लग करून आत प्लग करता येतो. त्यातच टेबलस्पेस आणा.

युनिकोडचं काम मग महिन्या-दोन महिन्यांनी, नव्या वेगवान सर्व्हरवर, ओरॅकलच्या डीएमयू या साधनाने करा. त्यात प्रत्येक कॉलमला ‘यातला खरा मजकूर अमुक सेटमधला आहे’ असं सांगता येतं. त्याआधी प्रत्येक कॉलममध्ये नक्की काय आहे ते डंप फंक्शनला १०१० देऊन बघा, ते बाइट दशमान आकड्यांत दाखवतं. चाचणीला शब्द घ्या ‘डिचोली’. सुरुवात २२४, १६४, १६१ अशी आली तर यूटीएफ-८. १९१, २१९ आली तर इस्की (भारतीय लिपींचं जुनं मानक), आणि ओरॅकलला तो सेट आयएन८इस्की नावाने ठाऊक आहे. ऱ्हस्व वेलांटीचा बाइट ‘ड’च्या आधी दिसला, तर तो जुन्या फॉन्टचा मजकूर, दिसेल त्या क्रमाने साठवलेला. त्याला डीएमयू काही करू शकत नाही, त्या फॉन्टचा तक्ता घेऊन रूपांतराचा प्रोग्राम वेगळा लिहायला लागतो. एकाच कॉलममध्ये दोन प्रकार मिसळलेले असतील तर आधी ओळी वेगळ्या काढा.

ग्राहकांच्या नावांचा कॉलम निराळा आहे. तिथे जुन्या डेस्कटॉप प्रोग्रामने खरीखुरी १२५२ अक्षरं लिहिलीत. कॉन्सेसांव आडनाव पोर्तुगीज पद्धतीने लिहिलं की शेपटीवाला सी २३१ आणि डोक्यावर लाट असलेला ए २२७, असे एकेक बाइट. ही नावं बरोबर रूपांतरित होतात, फक्त ९ बाइटचं आडनाव ११ चं होतं. नावाचे कॉलम बाइटऐवजी कॅरॅक्टरमध्ये मोजायला लावा, म्हणजे लांब नावं कापली जाणार नाहीत. गावांच्या कॉलमला यूटीएफ-८ सांगितलंत तर तिथले बाइट जसेच्या तसे राहतात, लांबी वाढत नाही. रूपांतर झालं की छपाईच्या प्रोग्रामचा एनएलएस-लँग त्याच दिवशी एएल३२यूटीएफ८ करा. तो १२५२ च राहिला तर सोमवारच्या पावत्यांवर गावांची नावं उलट्या प्रश्नचिन्हांत छापून येतील.